नळाचे पाणी, गटाराची वाट

“डॉक्टर, आम्ही नळाचंच पाणी पितो. मग पोराला कावीळ कशी?” दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या आईने विचारले. त्याच आठवड्यात त्याच आळीतली आणखी दोन मुले पिवळे डोळे घेऊन आली होती. संध्याकाळी दवाखाना बंद करून आळी पाहून आलो. घरात जाणारी नळी चक्क गटारातून गेलेली, आणि सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली! आळीचे नाव लिहीत नाही. अशी आळी कोणत्याही गावात सापडेल.

आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. ते सुरू असताना दाबामुळे फटीतून बाहेर गळते. पाणी बंद झाले, की रिकामी होणारी नळी त्याच फटीतून गटाराचे पाणी आत ओढते आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धारेबरोबर ते हंड्यात येते. शुद्धीकरण केंद्रात पाणी कितीही स्वच्छ केलेले असो! काविळीचा विषाणू पोटात गेल्यावर आजार दिसायला दोन ते सात आठवडे लागतात. म्हणून आजच्या पाण्याकडे बोट दाखवून उपयोग नसतो. गरोदर स्त्रीला तर ‘ई’ प्रकारची कावीळ जिवावर बेतू शकते.

मग सरकार काय करते? पैसे देते, पण लहान शहरांची पाळी उशिरा आली. २०१५ ची ‘अमृत’ योजना प्रामुख्याने लाखाच्या वरच्या शहरांसाठी होती. २०११ च्या जनगणनेत तीस हजारांच्या आत असलेले महाड तिच्या मापात बसणारे नव्हते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘अमृत २.०’ आली आणि नगरपालिका, नगरपंचायती सगळ्याच तिच्या कक्षेत आल्या. लाखाच्या आतल्या गावांना मंजूर कामाचा निम्मा खर्च केंद्राचा, उरलेला राज्य आणि स्थानिक संस्थेचा, अशी वाटणी ठरली. केंद्राचा हिस्सा वीस, चाळीस, चाळीस टक्के अशा हप्त्यांनी.

या पैशातून जलकुंभ, पंप, मोठ्या वाहिन्या होतात. परंतु रोजची टीसीएल पावडर, वीजबिल आणि व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाचा पगार पाणीपट्टीतून निघावा लागतो, आणि पाणीपट्टी वाढवायचा विषय निघाला की सभागृहात सगळ्यांना खोकला येतो. शेवटची काही फुटांची नळी बहुधा घरमालकाच्या गळ्यात. माझे रोगी येतात ते याच तुकड्यावरून.

ठराव आणि ओंजळ यांतले अंतर महाडला सांगायला नको. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यातले पाणी प्राशन केले ते २० मार्च १९२७ रोजी.

मैल्याचेही तसेच. २०१४ च्या स्वच्छ भारत अभियानात घरोघरी शौचालयासाठी अनुदान मिळाले, संडास झाले. पण सेप्टिक टाकी दर तीन वर्षांनी उपसावी लागते हे किती जणांना ठाऊक आहे? ती तुंबून वाहू लागेपर्यंत आठवण होत नाही. शिवाय सावित्री आधी पोलादपूरवरून येते, मग महाडला. २२ जुलै २०२१ च्या पुरात विहीर, गटार आणि टाकी यांत फरक उरला नव्हता. पुढे कित्येक दिवस आम्ही लेप्टोच्या भीतीने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटत होतो.

वाचकहो, आपली नळी कुठून जाते ते एकदा वाकून पाहा. पाण्याची ओटी टेस्ट टाकीजवळ नको, वाहिनीच्या अगदी शेवटच्या घरी करायला सांगा. पाण्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवे. तोवर पाणी उकळा, म्हणजे चांगले खळखळू द्या; नुसते कोमट केलेले चालत नाही.

त्या मुलाची भूक परत आली आहे. आळीतल्या चार घरांनी वर्गणी काढून नळी गटाराच्या वरून घेतली. पाचवे घर अजून “बघू” म्हणते आहे.