बाकावर घडलेला कोच

दारं उघडल्या उघडल्या आत शिरायचं आणि यजमान संघाच्या बाकाच्या तिरक्या वरची जागा धरायची, ही सवय मला कनेक्टिकटमध्ये लागली. हार्टफर्ड हे विमा कंपन्यांचं शहर, त्यामुळे आमच्यासारखी बरीच मराठी कुटुंबं तिथे नोकरीनिमित्त राहतात. हिवाळ्यात संध्याकाळी साडेचारलाच अंधार पडतो. अशा वेळी कनेक्टिकट विद्यापीठाचा बास्केटबॉल सामना बघायला स्टॉर्सच्या गॅम्पेल पॅव्हेलियनमध्ये जायचं, हा आमचा मोठा विरंगुळा.

वरच्या त्या जागेवरून बाकाचं शेवटचं टोक नीट दिसतं. तिथे बसणारी मुलं सामन्यात बहुधा उतरत नाहीत, पण सामन्याआधी सगळ्यात जास्त राबतात तीच. मुख्य नेमबाजांनी मारलेले चेंडू गोळा करून पुन्हा त्यांच्या हातात द्यायचे, तेही छातीच्या उंचीला, नेमक्या लयीत. खेळ सुरू झाला की समोरच्या संघाची स्क्रीन, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अडवायला उभा राहिलेला खेळाडू, आपल्या गड्याला ओरडून सांगायची. बदली होऊन कोणी बाहेर आला की उठून त्याला जागा द्यायची आणि त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगायचं. आमच्या शाळेच्या संघात राखीव मुलगा म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा. इथे मात्र त्या टोकालाही पूर्ण वेळ काम चालू होतं.

या मुलांचं सरावातलं काम तर त्याहून अवघड. पुढचा सामना ज्या संघाशी असेल, त्याच्यासारखं खेळून दाखवण्याची जबाबदारी राखीव खेळाडूंवर असते. प्रतिस्पर्ध्याचा तारा डावीकडे वळून थांबतो आणि मग उडी मारतो, तर राखीव खेळाडूने आठवडाभर तसंच वळायचं, तसंच थांबायचं. पुढच्या आठवड्यात दुसरा संघ, दुसरा तारा. स्वतःचा खेळ बाजूला ठेवून दुसऱ्याचा खेळ अंगात मुरवायचा. हे वर्षानुवर्षं केलेल्या माणसाच्या डोक्यात किती संघांचे किती डाव साठत असतील, याचा विचार मी बसल्या जागी करायचो. आणि उत्तर माझ्या समोरच, कोर्टच्या कडेला उभं होतं: कोच केव्हिन ऑली.

ऑली याच विद्यापीठाकडून 1991 ते 1995 खेळला. पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून डाव मांडणारा. 1995च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, एनबीए या व्यावसायिक लीगच्या एकाही संघाने त्याला घेतलं नाही. मग तो कॉन्टिनेंटल बास्केटबॉल असोसिएशन या दुय्यम लीगमध्ये, हार्टफर्डच्याच कनेक्टिकट प्राइड संघाकडून खेळला. 1997मध्ये डॅलसने त्याला एनबीएत संधी दिली आणि तिथून विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर सुरू झालं: ऑरलँडो, सॅक्रामेंटो, फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, शिकागो, इंडियाना, मिलवॉकी, सिएटल, क्लीव्हलँड, मिनेसोटा, ओक्लाहोमा सिटी. 13 हंगाम, 662 सामने, सरासरी सामन्याला 3.8 गुण.

अशा खेळाडूचं पोट बऱ्याचदा दहा दिवसांच्या करारावर चालतं. 5 जानेवारीपासून संघांना असे करार करता येतात. एकाच खेळाडूशी एका हंगामात दोनदा करार करता येतो. त्यानंतर हंगामाच्या शेवटापर्यंत ठेवून घ्या, नाहीतर सोडून द्या. म्हणजे खेळाडू सोमवारी नव्या शहरात उतरतो, मंगळवारी सराव करतो, बुधवारी कदाचित कोर्टवर असतो. डाव तेच असतात, पण प्रत्येक संघात त्यांची नावं वेगळी, बोटांच्या खुणा वेगळ्या. स्क्रीन लागली की गार्डने तिच्यावरून जायचं की मागून, उंच खेळाडूने पुढे यायचं की बास्केटपाशी थांबायचं, की दोघांनी आपापला माणूस बदलून घ्यायचा, याचे नियमही प्रत्येक कोचचे निराळे. आणि पॉइंट गार्डला फक्त आपली जागा माहीत असून भागत नाही. बाकीच्या चौघांनी कुठे असायला हवं, हेही त्याला ठाऊक लागतं. ताऱ्याची एखादी गोष्ट चुकली तरी त्याला उद्या खेळायला मिळतं. दहा दिवसांवर आलेल्याला ती सवलत नाही.

फेब्रुवारी 2003मध्ये मिलवॉकी आणि सिएटलमध्ये मोठी अदलाबदल झाली. मथळे रे ॲलन आणि गॅरी पेटन यांचे होते. ॲलनबरोबर सिएटलला पाठवलेल्यांत ऑलीही होता. ॲलन त्याचा कॉलेजातला जोडीदार. एकाच कोर्टवर वाढलेले दोघे, एक सौद्याचं कारण आणि दुसरा सौद्याची बेरीज जुळवणारा. या अनुभवाने माणूस कडवट होऊ शकतो. ऑली झाला नाही, आणि त्याच्या पुढच्या आयुष्याची किल्ली मला इथेच दिसते.

2009-10मध्ये तो ओक्लाहोमा सिटीत पोहोचला तेव्हा त्या संघात केव्हिन ड्युरांट, रसेल वेस्टब्रूक आणि नवखा जेम्स हार्डन होते, सगळे विशीच्या आसपास. कोच होता स्कॉट ब्रुक्स. तोही ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला आणि संघामागून संघ बदललेला गार्ड. आदल्या हंगामात 23 सामने जिंकलेला हा संघ त्या वर्षी 50 जिंकला. 37 वर्षांचा ऑली फार खेळला नाही. तरीही ड्युरांटने पुढे जाहीरपणे सांगितलं की संघाला खरं वळण लावलं ते ऑलीने. लवकर येणं, शरीराची निगा राखणं, सरावात कसूर न करणं हे त्या पोरांनी त्याच्याकडे बघून उचललं.

2010मध्ये तो सहायक कोच म्हणून स्टॉर्सला परतला आणि सप्टेंबर 2012मध्ये जिम कॅल्हून निवृत्त झाल्यावर मुख्य कोच झाला. सुरुवातीला करार मिळाला तोही त्या हंगामापुरताच. शिवाय खेळाडूंच्या अभ्यासातल्या आधीच्या वर्षांच्या खराब कामगिरीमुळे संघाला 2013च्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बंदी होती. पुढे बक्षीस नाही हे ठाऊक असूनही संघ 20 सामने जिंकला. सरकत्या जिन्याने नाही, पायऱ्या चढून वर जायचं, हे ऑली खेळाडूंना नेहमी सांगत असे. त्याच्या तोंडी ते घोषवाक्य वाटत नव्हतं, कारण त्याने दुसरा रस्ता पाहिलाच नव्हता.

2014ला त्याच राष्ट्रीय स्पर्धेत सातवं मानांकन असलेला हा संघ सेंट जोसेफ्स, व्हिलानोव्हा, आयोवा स्टेट आणि मिशिगन स्टेट यांना हरवत उपांत्य फेरीत गेला. तिथे सलग 30 सामने जिंकून आलेला फ्लोरिडा 63-53 असा पडला. 7 एप्रिलचा अंतिम सामना टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला झाला, ऑलीच्या जन्मगावाच्या, डॅलसच्या शेजारी. समोर केंटकी, पाचही सुरुवातीचे खेळाडू पहिल्या वर्षाचे आणि एनबीएच्या उंबरठ्यावरचे. कनेक्टिकट 60-54 असं जिंकलं. शबाझ नेपियरने 22 गुण केले. पण मला महत्त्वाचा वाटतो तो फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीचा हिशेब. केंटकीने 24पैकी 13 बास्केटमध्ये टाकले, कनेक्टिकटने 10पैकी 10. फ्री थ्रोला उंची लागत नाही, वेग लागत नाही. कोणी बघत नसताना केलेला सराव लागतो. बाकावरच्या माणसाची विद्या इथे अख्ख्या संघाच्या हातात उतरलेली दिसते.

गोष्ट इथे संपली असती तर सोपी झाली असती. पुढे संघ घसरला, चौकशी झाली आणि 2018मध्ये विद्यापीठाने त्याला काढलं. 2019मध्ये कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने त्याला नियमभंगाबद्दल दोषी धरलं. 2022मध्ये लवादाने विद्यापीठाची बडतर्फी चुकीची ठरवून त्याला एक कोटी दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम द्यायला लावली. फेब्रुवारी 2024मध्ये ब्रुकलिन नेट्सने मुख्य कोचला काढून उरलेल्या 28 सामन्यांसाठी ऑलीला हंगामी कोच नेमलं. त्यातले 11 जिंकले. पुढे पद कायम झालं नाही. म्हणजे कोच म्हणूनही वाट्याला पुन्हा थोड्या मुदतीचं काम आलं.

तरी मला हे अपयश वाटत नाही. मोठे खेळाडू कोच म्हणून अनेकदा अडखळतात, कारण त्यांना सहज जमलेलं दुसऱ्याला का जमत नाही, हे त्यांना उमगत नाही. ऑलीला प्रत्येक गोष्ट शिकून घ्यावी लागली होती, म्हणून ती कशी शिकवायची हे त्याला कळलं. ‘आज तुला खेळवत नाही’ हे वाक्य त्याने डझनभर शहरांत ऐकलं होतं. ते नवव्या-दहाव्या खेळाडूला कसं सांगायचं आणि सांगितल्यावर त्याला कामाला कसं लावायचं, हे अशा माणसाइतकं कोणाला कळणार? आपल्याकडे शाळा-क्लबांत कोच नेमताना पदकं आणि गुणांचे आकडे आधी विचारतात. मी नेमणारा असतो तर विचारलं असतं: किती वर्षं बाकावर बसलात, आणि बसून काय पाहिलंत?