सिस्टरची नजर, सिस्टरचे हात

दिवस भरण्याआधी जन्मलेलं हजार-बाराशे ग्रॅमचं बाळ सुखरूप घरी आलं की सगळे म्हणतात, ‘पेटीत ठेवलं होतं म्हणून वाचलं.’ या बोलण्यात कृतज्ञता असते, पण ती पेटीपाशीच थांबते. एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पेटी, वॉर्मर, श्वासाला हवेच्या दाबाचा आधार देणारं सीपॅप, मॉनिटर ही सगळी यंत्रं लागतातच. पण यंत्र बाळाला नीट लागू पडतंय का, किती द्यायचं, कधी कमी करायचं, हे तिथे चोवीस तास कोणीतरी बघत असतं. डॉक्टर राउंडला येतात, तपासतात, सूचना लिहितात. पुढच्या राउंडपर्यंत बाळ सिस्टरच्या हाती असतं. तिच्या कामाला आपण सेवा म्हणतो, त्यातल्या मायेचं कौतुक करतो. ते ज्ञानाचं काम आहे, हे मात्र नेमणुका करताना कोणाच्या लक्षात राहत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे ज्ञान त्याच विभागात राहून, शेकडो बाळं हाताळून येतं, आणि म्हणून एनआयसीयूत तयार झालेल्या परिचारिकेला सोयीप्रमाणे वॉर्डावॉर्डातून फिरवणं हा बाळांवर अन्याय आहे.

निळ्या दिव्याचंच बघा. नवजात बाळाची कावीळ उतरवण्यासाठी आज जगभर वापरतात ती फोटोथेरपी एका सिस्टरच्या निरीक्षणातून आली. इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सांभाळत. मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवतं, या विश्वासानं त्या उबदार दिवशी बाळांना अंगणात नेत. १९५६मध्ये त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. त्याचं अंग फिकट झालं होतं, पण चादरीच्या टोकाखाली झाकलेला तेवढा भाग पिवळाजर्द राहिला होता. त्याच रुग्णालयात उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यात बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, अपेक्षेपेक्षा कमी भरलं, तेव्हा या दोन गोष्टींची सांगड घातली गेली आणि १९५८मध्ये डॉ. क्रेमर व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रकाशाचा उपचार मांडला. (यावरून घरी कोवळं ऊन दाखवून कावीळ उतरवू, असं मात्र कोणी ठरवू नये. वाढलेल्या काविळीत त्यानं उपचाराला उशीर होतो, आणि तो उशीर मेंदूवर बेतू शकतो.) आजही दिवा लावणं हा या उपचारातला सगळ्यात सोपा भाग आहे. प्रकाश अंगाच्या किती भागावर आणि किती जवळून पडतो त्यावर गुण येणं अवलंबून असतं. लंगोट मोठा बांधला तर औषध अर्धंच दिल्यासारखं होतं. डोळ्यांवरची पट्टी घसरून नाकावर आली तर श्वास अडतो. दिव्याखाली अंगातलं पाणी जास्त उडतं, म्हणून दूध आणि लघवी दोन्हींचा हिशेब ठेवावा लागतो. यातलं काहीही दिव्याला कळत नाही.

ऑक्सिजनच्या बाबतीत तर हे फार मोठी किंमत मोजून शिकावं लागलं. १९४० आणि १९५०च्या दशकांत श्रीमंत देशांतल्या उत्तमोत्तम रुग्णालयांमध्ये हजारो अपुऱ्या दिवसांची बाळं वाचली आणि आंधळी झाली. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१मध्ये सढळ हातानं दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. मग हात आखडला गेला, तेव्हा मृत्यू वाढल्याचं लक्षात आलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१०मध्ये आले, त्यांनी हा पेच आकड्यांत मांडला. रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ८५ ते ८९ टक्के ठेवलेल्या बाळांमध्ये डोळ्यांचा गंभीर आजार कमी होता, पण ९१ ते ९५ टक्के ठेवलेल्या बाळांपेक्षा मृत्यू जास्त होते. आज साधारण ९० ते ९५ हा पट्टा धरतात. म्हणजे डोळे आणि जीव यांच्यामध्ये जेमतेम पाच टक्क्यांची वाट, आणि त्या वाटेवर बाळाला ठेवायचं सिस्टरनं. मॉनिटरवर ८६ दिसलं की नवखा हात आधी ऑक्सिजनचा नॉब फिरवतो. मुरलेली सिस्टर आधी बाळाकडे बघते. पायाला लावलेला प्रोब सैल झालाय का, मान दुमडली आहे का, नाकात चिकट स्राव साठलाय का, की श्वासच थांबलाय? थांबला असेल तर तळव्याला हलकेच चोळून ती तो पुन्हा सुरू करते. ऑक्सिजन वाढवावा लागलाच, तर बाळ सावरल्यावर तो परत खाली आणायला ती विसरत नाही. माझ्या मते या विभागातलं सर्वांत मोलाचं कौशल्य हेच, कारण वाढवलेला ऑक्सिजन तसाच राहून गेला तर त्या वेळी कोणालाच काही दिसत नाही. परिणाम कळतो काही आठवड्यांनी, डोळ्यांच्या तपासणीत. आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंच्या आत जन्मलेल्या बाळांची ही तपासणी व्हायलाच हवी.

हात कधी लावायचा नाही, हेही या ज्ञानातच आलं. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतं, चहाचा कपही भरणार नाही इतकं. दर वेळी तपासणीला घेतलेल्या एका मिलिलिटरचा त्यात हिशेब असतो. चिकटपट्टी ओढून काढली तर कातडीचा पापुद्रा निघतो. प्रत्येक स्पर्शानं, आवाजानं बाळाचे ठोके आणि श्वास बिघडू शकतात. म्हणून जाणती सिस्टर तापमान बघणं, लंगोट बदलणं, दूध देणं, कूस बदलणं ही कामं एकत्र करते आणि मधला वेळ बाळाला झोपू देते. अर्भकाला वेदना कळत नाहीत असं समजून कित्येक दशकं पुरेशा भुलीविना शस्त्रक्रिया होत असत. काश्मीरमध्ये जन्मलेल्या डॉ. के. जे. एस. आनंद यांच्या १९८७च्या शोधनिबंधानं त्या समजाला जबर धक्का दिला. आज टाचेला सुई टोचण्याआधी आईच्या दुधाचे किंवा साखरपाण्याचे थेंब जिभेवर देतात, हातपाय पोटाशी घेऊन बाळाला धरून ठेवतात. पण नियमावलीत लिहिलेली ही गोष्ट रात्री तीन वाजता होते की नाही, हे तिथे कोण आहे आणि तिच्याकडे किती बाळं आहेत यावर ठरतं.

दुधाची गोष्ट थोडक्यात सांगतो. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्यापर्यंत बसत नाही, म्हणून तोवर नळीनं आणि पुढे वाटी-चमच्यानं किंवा आपल्या जुन्या बोंडल्यानं दूध पाजतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. पेढीतलं दूध बाळाच्या पोटात पोचतं ते मात्र थेंबाथेंबानं, ठसका लागतोय का हे बघत.

आता परिचारिकांच्या संख्येकडे येऊ. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या नवजात विभागांचा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. रक्ताच्या तपासणीत जंतुसंसर्ग सिद्ध झालेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दगावली होती आणि अनेक जंतू प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. औषध हरतं तिथे धुतलेला हात उरतो. तो धुवायला वेळ लागतो. आठ तासांच्या पाळीत एकेका बाळाला बारा वेळा हात लावला असं धरू. एका सिस्टरकडे आठ बाळं असतील तर ते शहाण्णव वेळा होतं. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर अर्धा-अर्धा मिनिट धरलं, तरी दीड तासाहून जास्त वेळ नुसते हात स्वच्छ करण्यात जातो. तेवढा वेळ आठ बाळं सांभाळणाऱ्या बाईकडे नसतो. यात तिचा आळस नाही, साधा गुणाकार आहे. अमेरिकेतल्या एनआयसीयूंच्या २०१३च्या अभ्यासातही परिचारिका कमी असणं आणि दीड किलोच्या आतल्या बाळांमधला संसर्ग यांचा संबंध दिसला होता. आपल्या सरकारी विशेष नवजात कक्षांसाठी प्रत्येक पाळीत तीन ते चार खाटांमागे एक परिचारिका असा निकष आहे; एका खाटेवर दोन बाळं झोपवली की तो कागदावर पाळूनही मोडतो.

यावर एक आक्षेप असा की आता ऑक्सिजन आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रंही आली आहेत, मग माणसं कशाला वाढवायची? ही यंत्रं उपयोगी आहेत आणि ती यावीत. पण ती प्रोबनं सांगितलेल्या आकड्यावर चालतात, आणि प्रोब घसरलाय हे ओळखायला बाळाकडे बघावंच लागतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के होते, आणि स्थिरावल्यावरच छातीशी दिलेल्यांमध्ये १५.७ टक्के. आई आत आली की संसर्ग वाढेल ही भीतीही खरी ठरली नाही. संसर्गाचा संशय उलट कमी बाळांमध्ये आला. मग आईच पुरेशी नाही का? आई हवीच, आणि तिला दाराबाहेर ताटकळत ठेवणं थांबायला हवं. पण सीपॅपची नळी न हलवता बाळ आईच्या छातीवर ठेवणं, ओली बाळंतीण खुर्चीत पेंगली तर दोघांकडे लक्ष ठेवणं, तिच्या घाबरलेल्या हातांना धीर देणं, हे सिस्टरचंच काम आहे. तिचं काम इथे बदलतं, संपत नाही.

गडचिरोलीचं उदाहरण उलट बाजूनं दिलं जातं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्या, बेताचं शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट दिसल्याचं १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. खेड्यातली बाई हे करू शकते, तर कोणतीही परिचारिका कुठल्याही वॉर्डातून येऊन एनआयसीयू का सांभाळणार नाही? मला वाटतं या उदाहरणातून निघतं ते याच्या नेमकं उलट. त्या स्त्रियांचं शिक्षण पुन्हा पुन्हा झालं, कामावर देखरेख राहिली आणि वर्षानुवर्षं त्या त्याच गावात नवजात बाळंच बघत राहिल्या. पदवी कमी होती, सराव सलग होता.

राहिला प्रशासनाचा प्रश्न. सगळ्यांना सगळं काम यायला हवं, अवघड विभागाचा भार एकीवरच का, असं विचारलं जातं, आणि परिचारिकांच्या बाजूनं तो प्रश्न रास्त आहे. सततच्या ताणानं माणूस खचतो. पण उपाय बदलीचाच असायला हवा असं नाही. नवजात परिचर्येतली एक वर्षाची पदविका भारतीय परिचर्या परिषदेनं मान्य केलेली आहे. ती घेतलेल्या किंवा तेवढा अनुभव असलेल्या अधिपरिचारिकेला वेगळा भत्ता आणि बढतीत वजन देता येतं. थकलेल्या सिस्टरला काही काळ प्रसूती कक्षात किंवा आईजवळच्या बाळांच्या वॉर्डात पाठवता येतं, म्हणजे तिचं ज्ञान नवजात बाळांपाशीच राहतं. रजेच्या दिवशी बदली म्हणून पाठवायच्या परिचारिकाही प्रशिक्षितांच्याच यादीतून घेता येतात. प्रशिक्षित परिचारिकांना या कक्षांतून हलवू नये, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आधीपासूनच आहे. ते पाळायला नवं यंत्र विकत घ्यावं लागत नाही. जिल्हा रुग्णालयात महिन्याचं ड्युटीपत्रक करताना एनआयसीयूतल्या प्रशिक्षित सिस्टरांची नावं बाजूला काढून ठेवावी लागतात.