हातचा न आलेला डोंगर

चौकटीची वही घ्या आणि एका ओळीत नऊ एक लिहा : १११११११११. आता या संख्येला तिनंच गुणायचं. शाळेत करायचो तसा उभा गुणाकार. पाढे येत नसले तरी चालेल, कारण तीच ओळ नऊदा लिहायची आहे, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. पानावर एकांची तिरकी भिंत उभी राहते. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक, पुढच्यात दोन, मग तीन, मधोमध नऊ आणि तिथून उतरण. बेरीज येते :

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी, दोन्हीकडून सारखीच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली स्थानांची नावं लावली, तर डावीकडचा पहिला एक ‘मध्य’ स्थानी बसतो. परार्ध फक्त एक घर पुढे. एक्सेलमध्ये हाच गुणाकार केलात, तर शेवटी २१ ऐवजी दोन शून्यं दिसतील. पंधरा अंकांपलीकडे त्याची मजल नाही. इथे आपली पेन्सिलच सरस.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) अशा संख्यांच्या नादी लागले होते. जगाला ते ६१७४ मुळे माहीत आहेत, पण मला त्यांनी या कुळाला दिलेलं नाव जास्त आवडतं : डेम्लो. म्हणजे आपली डोंबिवली. कल्पना तिथल्या स्टेशनात सुचली, म्हणून. (आज त्या फलाटावर संख्या सुचणं दूरच, पाय टेकायला जागा मिळाली तरी पुष्कळ.)

या संख्येतल्या अंकांची बेरीज करा. ८१. खरं तर करायलाही नको. नऊ ओळींत नऊ-नऊ एक मांडले होते, तेवढेच्या तेवढे खाली उतरले. कुठेच हातचा आला नाही, म्हणून एकही हरवला नाही. आणि ८१ नं या संख्येला निःशेष भागही जातो! स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकर ‘हर्षद’ म्हणत, हर्ष देणारी.

आता मोह होतो, दहा एक घेऊन बघण्याचा. मधल्या रकान्यात दहा जमतात. शून्य मांडून हातचा एक शेजारच्या नवाला द्यायचा. त्याचे दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा, आणि तो मिळून आठाचा नऊ होतो. उत्तर : १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गडप!

असाच आठ आणखी एका जागी गडप आहे. आपल्या नऊ एकांना ९ नं भागा, येतात १२३४५६७९. हा मला कितीतरी वर्षं निव्वळ योगायोग वाटत होता. मग कधीतरी १ ला ८१ नं भागलं : ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… तेच अंक, न थांबता. दशांश चिन्हापुढे रकाने एक, दोन, तीन असे चढतच जातात, दहावर पोचले की हातचा मागे सरकतो, आणि वाटेत नवाचं शून्य करून आठाचा नऊ करतो.