हत्यार पारखून घ्या : पाना, पक्कड, हातोडी कशी निवडावी?



'माझे बाबा' हा निबंध आपण दरवर्षी लिहून घेतो. यंदा माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाने लिहिलं, "माझे बाबा कंपनीत मशीन दुरुस्त करतात. पाना घसरला म्हणून त्यांच्या हाताला पट्टी आहे."

पालकसभेला ते आले तेव्हा मी विचारलं. जाम झालेला बोल्ट, तोंड पसरलेला जुना पाना, अंगातला सगळा जोर लावला आणि पाना सटकला. हात सरळ पत्र्याच्या कडेवर. कंत्राटी काम, त्यामुळे तीन आठवडे पगार नाही. ते म्हणाले, "मॅडम, माझा जोर कमी नव्हता, पानाच बाद होता."

आपल्या दहिसर-बोरिवलीच्या औद्योगिक गाळ्यांत कितीतरी पालक फिटर किंवा हेल्पर आहेत. म्हणून हा विषय आपलाही आहे. चला तर मग, हत्यार घेताना काय बघायचं ते समजून घेऊ.

१) माप आधी, किंमत नंतर
पान्यावरचा १३ हा आकडा म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर, १३ मिमी. इंची आणि मिलिमीटरचे पाने एकमेकांच्या जागी वापरू नका. ९/१६ इंची पाना साधारण १४.३ मिमीचा असतो. तो १४ च्या नटावर बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की नटाचे कोपरे झिजवतो. कोपरे गेले की पाना घसरणारच!

२) घट्ट बोल्टला रिंग पाना
उघड्या तोंडाचा पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. रिंग पाना चहूबाजूंनी धरतो, म्हणून जोर सगळ्या कोपऱ्यांवर वाटला जातो. कमी-जास्त होणारा स्क्रू पाना अगदी शेवटचा पर्याय. तो वापरायचाच असेल तर जोर त्याच्या न हलणाऱ्या जबड्यावर येऊ द्या. पाना ढकलण्यापेक्षा शक्यतो आपल्याकडे ओढा. दांडा लांब करायला पाईप अडकवू नका.

३) दुकानात हातात घेऊन बघा
चांगले पाने बहुधा क्रोम व्हॅनेडियम पोलादाचे असतात. पण नुसती चकाकी आणि कोरलेली अक्षरं पुरेशी नाहीत. जबडे सारखे आहेत का, कडेला कंगोरे राहिलेत का, मुलामा सुटतोय का ते बघा. पक्कड बंद करून उजेडासमोर धरा. कापायच्या धारांमधून उजेड दिसला तर ती तार नीट कापणार नाही. सांधा डुगडुगत असेल तर ती परत ठेवा. आपल्या नाशिकच्या सातपूरमध्ये पाने-पकडी बनवणारा मोठा कारखाना आहे आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांची जुनी बाजारपेठ आहे. निवड भरपूर मिळते, पण पक्कं बिल जरूर घ्या.

४) विजेच्या कामाला वेगळं हत्यार
मुठीला प्लास्टिक आहे म्हणजे शॉक लागणार नाही, हा गैरसमज आहे. त्यासाठी १००० व्होल्ट आणि दुहेरी त्रिकोणाची खूण असलेलंच हत्यार घ्या. आणि तरीही आधी मेन स्विच बंद करा.

५) हातोडी, छिन्नी, कानस
हातोडीचं डोकं दांड्यावर घट्ट हवं. लाकडी दांड्याचे रेषे लांबीच्या दिशेने जाणारे हवेत. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलं असेल तर ते घासून नीट करा, नाहीतर तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. कानस मुठीशिवाय वापरू नका.

वर्गात काय घेता येईल?
दोन-चार जुने नट आणा. मुलांना पट्टीने समोरासमोरच्या बाजू मोजू द्या. नट षटकोनी का असतो, ते विचारा. उत्तर त्यांच्याच हातात सापडतं. दर ६० अंशांनी नट पुन्हा तसाच दिसतो, त्यामुळे अडचणीच्या जागीही पाना थोडा फिरवून पुन्हा बसवता येतो. माप, कोन आणि बाबांचं काम, तिन्ही एका तासात!

पालकांना एकच विनंती. खंडेनवमीला आपण हत्यारांना हळद-कुंकू वाहतो. त्याच दिवशी मुलाला जवळ बसवून प्रत्येक पान्याचं तोंड तपासा, पुसून तेलाचा हात फिरवा. तोंड पसरलेलं असेल तर तो पाना भंगारात टाका. हत्यार कंपनीचं असेल तर सुपरवायझरला दाखवून बदलून मागा. मागायला लाजू नका. पाना शंभर-दोनशे रुपयांत नवा येतो, बोट येत नाही.