‘गेट अवे विथ’ : कर्त्याचे सुटणे आणि कृत्याचे खपणे

इंग्रजीत क्रियापदाला अव्यय जोडले की होणारा अर्थ परभाषिकाला चकवतो, हे सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत नोंदवले होते. त्याने तेथे दिलेल्या उदाहरणांपैकी ‘कम ऑफ’चा अर्थ युक्तीने निसटणे असा होता, हा गमतीचा योगायोग. अशा रचनांसाठी ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ च्या ग्रंथातून रुळली. प्रस्तुत विवेचन त्यांपैकी एका अनौपचारिक प्रयोगापुरते आहे.

‘गेट अवे विथ’चा स्थूल अर्थ ऐवज घेऊन पसार होणे. नुसत्या दंडावर सुटणे किंवा थंडी बेताची असल्यास पातळ कोटावर भागवणे, हेही त्याचे अर्थ. मध्यवर्ती अर्थ मात्र गैरकृत्य करूनही त्याची झळ न लागणे हा होय. ‘विथ’ गाळून ‘ही गॉट अवे’ म्हटले, की माणूस पळाला एवढेच उरते. कृत्याचा धागा तुटतो.

मराठीत यासाठी ‘पचवणे’ आहे. ‘त्याने लाच पचवली’ यात इंग्रजीप्रमाणे कर्ता केंद्रस्थानी राहतो. शिवाय निर्ढावलेपणाचा दंशही येतो. ‘त्याचे सगळे खपते’ या वाक्याचे व्याकरण वेगळे आहे. येथे कृत्य कर्तृस्थानी येते, माणूस षष्ठीत जातो आणि खपवून घेणारे न बोलावता वाक्यात शिरतात. ‘मला हे खपणार नाही’ असे म्हणताच ते चतुर्थीत उघड होतात. इंग्रजीला त्यांना आणण्यासाठी ‘लेट’ची जोड द्यावी लागते : ‘दे लेट हिम गेट अवे विथ इट’. म्हणजे भाषांतरकार क्रियापद निवडताना दोष कोणाच्या पदरी टाकायचा, हेही ठरवत असतो. कोशात पर्याय म्हणून शेजारी बसणारे हे शब्द कादंबरीत परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत.

समीक्षेतील प्रयोग अधिक अवघड. कवीने ढोबळ यमक योजले ‘अँड गॉट अवे विथ इट’, यात नियमभंगाची नोंद आणि कौशल्याला दाद एकत्र नांदतात. ‘निभावून नेले’ म्हटल्यास दाद राहते, पण आगळीक पुसली जाते. ‘खपून गेले’ म्हटल्यास उलट. अशा ठिकाणी मी ‘यमक ढोबळ आहे, पण त्याला ते शोभून गेले’ असे दोन उपवाक्यांत फोडून लिहितो. इंग्रजीचा आटोपशीरपणा त्यात जातो, हे मान्य.