कपड्यांसाठी पाणी किती गरम हवे?

घरात नवे धुलाई यंत्र आले, की पहिले काही दिवस त्याच्या गोल बटणाचे कौतुक चालते. त्यावर 'कोल्ड', ३०, ४०, ६०, ९० असे आकडे असतात. महिनाभरात मात्र हे बटण एका जागी स्थिरावते. काही घरांत ते कायम 'कोल्ड'वर राहते. कारण वीजबिलाची धास्ती. काही घरांत ते ६०वर जाऊन बसते; कारण पाणी जितके गरम तितके कपडे स्वच्छ, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. पहिल्या घरात खरजेने हैराण झालेल्या मुलाची चादर थंड पाण्यातून निघून पुन्हा त्याच्याच अंथरुणावर येते, तर दुसऱ्या घरात लोकरीचा स्वेटर एकाच धुण्यात बाहुलीच्या मापाचा होतो. बटणाच्या आकड्यांचा अर्थ समजून घेतला, तर हे दोन्ही प्रकार टाळता येण्याजोगे आहेत.

कपडा स्वच्छ होतो तो केवळ उष्णतेने नव्हे. हेंकेल या जर्मन कंपनीतील रसायनतज्ज्ञ हर्बर्ट झिनर यांनी १९५९ मध्ये धुलाईची चार अंगे मांडली. साबण किंवा पावडरीची रासायनिक क्रिया, घासणे-आपटणे, तापमान आणि वेळ ही ती चार अंगे. यातील एक कमी केले, की उरलेल्या तिघांपैकी कोणाला तरी भरपाई करावी लागते. (योगायोग असा, की 'सर्फ' ही पावडर भारतात आली तीही १९५९ मध्येच.) आपल्याकडच्या जुन्या पद्धतीही याच हिशेबाने चालत. नदीच्या घाटावर पाणी थंड असे, म्हणून कपडा दगडावर आपटला जाई. घरी मोरीतल्या बादलीत तो रात्रभर भिजत पडे. परीट मात्र मळके सुती कपडे धुण्याच्या सोड्यात भिजवून भट्टीवर वाफवीत असे; त्याच्या कामात उष्णता आणि सोडा हेच मुख्य. यंत्रात कपडे आपटले जात नाहीत, हळुवार घुसळले जातात. त्यामुळे तेथे पावडर, वेळ आणि तापमान यांचे गणित अधिक नेमके जमवावे लागते.

या गणितात महाराष्ट्राला निसर्गाने एक सवलत दिली आहे. युरोपात हिवाळ्यात नळाचे पाणी दहा अंशांच्याही खाली जाते. तेथे '३० अंश' म्हणजे पाणी तापवणे आले. मुंबईत किंवा कोकणात वर्षाचा बराच काळ नळाचे पाणीच २५ ते ३० अंशांच्या घरात असते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे गच्चीवरच्या काळ्या टाकीतील पाणी तर दुपारी हाताला चटका द्यावा इतके तापते. म्हणजे ज्याला यंत्राच्या माहितीपुस्तिकेत 'कोमट धुलाई' म्हटले आहे, ती येथे पुष्कळदा फुकटच होते. रोजचे घामट, धुळीने माखलेले शर्ट, सलवार-कमीज, शाळेचे गणवेश यांना एवढे पाणी पुरते. अपवाद नाशिक, महाबळेश्वर किंवा विदर्भातील थंडीच्या पहाटेचा. अशा गार पाण्यात पावडर नीट विरघळत नाही आणि गडद कपड्यांवर तिचे पांढरे ओरखडे राहतात. तेव्हा पावडर आधी तांब्याभर कोमट पाण्यात विरघळवून घ्यावी किंवा द्रव साबण वापरावा.

डाग आधी, पाणी नंतर

गरम पाण्याने सर्वाधिक घात होतो तो डागांच्या बाबतीत. रक्त, दूध, अंडे, बाळाची उलटी या सर्वांत प्रथिने असतात. अंडे उकळले की घट्ट होते, नेमके तेच या प्रथिनांचे कपड्यावर होते. ती गोठतात आणि धाग्यांना चिकटून बसतात. मग कितीही घासले, तरी तपकिरी खूण मागे राहतेच. मासिक पाळीत वापरलेली कापडे आधी गार पाण्यातच बुडवावीत, हे घरोघरच्या आज्या सांगत आल्या. त्यामागचे शास्त्र हेच. डाग गार पाण्याने सुटला, साबण लागला, की मग तेच कापड कडक गरम पाण्यातून काढून थेट उन्हात वाळवणे योग्य. क्रम उलटा झाला, तर डाग कायमचा.

हीच प्रथिने तोडण्यासाठी आजच्या अनेक पावडरींत एन्झाइम अर्थात विकरे घातलेली असतात. ही कल्पना जुनी आहे. जर्मन रसायनतज्ज्ञ ओटो रोम यांनी १९१३ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. पण विकरे हीदेखील प्रथिनेच. साधारण ३० ते ५० अंशांत ती जोमाने काम करतात आणि पाणी फार तापले की निकामी होतात. महागडी पावडर उकळत्या पाण्यात टाकणे म्हणजे तिच्यासाठी मोजलेले जादा पैसे मोरीत सोडणेच.

तेलाचे तसे नाही. तेथे उष्णता मदतीला येते. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांना वितळते. म्हणूनच पुण्याच्या थंडीत ते बाटलीत गोठते. उशीच्या अभ्र्यातही ते तसेच गोठते आणि गार पाण्याने निघत नाही. तुपाला वितळण्यास याहून थोडी अधिक ऊब लागते. अभ्रे, स्वयंपाकघरातील फडकी, शर्टाच्या कॉलरी यांसाठी ४० अंशांचे पाणी त्यामुळे उपयोगी. हळदीचा डाग मात्र तापमानाला दाद देत नाही. साबण लागताच तो लालसर होतो, याने घाबरून जाऊन पाणी आणखी तापवू नये. धुतलेला कपडा ओला असतानाच उन्हात टाकावा. हळदीचा रंग सूर्यप्रकाशात उडतो.

६० अंश कशासाठी?

घरातील आजारपण हे या आकड्याचे खरे काम. अंथरुणातील धुळीचे सूक्ष्म कीटक, ज्यांच्यामुळे दमेकरी आणि ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास होतो, ते ५५ अंशांच्या वर मरतात. त्याखालच्या धुलाईत त्यांची विष्ठा वाहून जाते, पण कीटक बरेचसे जिवंत राहतात. खरजेचा किडा ५० अंशांच्या वर दहा मिनिटांत मरतो. म्हणून घरात कोणाला खरूज झाली असेल, तर मलम लावण्याच्या दिवशीच त्याच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आणि अंगातील कपडे गरम पाण्यातून काढावे लागतात. जे गरम पाण्यात घालता येत नाहीत, ते प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवावेत. माणसाच्या त्वचेवाचून हा किडा फार दिवस तग धरत नाही. ब्रिटनमधील रुग्णालयांच्या धुलाईचा निकष याहून कडक आहे. तेथे ६५ अंशांवर किमान १० मिनिटे किंवा ७१ अंशांवर किमान ३ मिनिटे असा दंडक आहे. घरी एवढ्याची गरज सहसा नसते.

पावसाळ्यात धुतलेल्या कपड्यांनाही येणारा कुबट वास हादेखील जंतूंचाच प्रताप. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी त्यामागे 'मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस' नावाचा जिवाणू असल्याचे दाखवून दिले. साध्या धुण्यातून तो वाचतो आणि ओल मिळाली की वाढतो. सुगंधी द्रव ओतून हा वास झाकला जातो, जात नाही. टॉवेल आणि पायपुसणी अधूनमधून ६० अंशांवर धुणे, कपडे यंत्रात पडू न देता लगेच पंख्याखाली पसरणे आणि महिन्यातून एकदा यंत्र रिकामेच गरम पाण्यावर चालवणे, हा त्यावरचा अधिक भरवशाचा इलाज.

येथे एक सूचना आवश्यक आहे. वीजबचतीच्या 'इको' कार्यक्रमात बटण ६०वर असले, तरी अनेक यंत्रांत पाणी प्रत्यक्षात तेवढे तापत नाही. त्याऐवजी धुण्याचा वेळ वाढवला जातो. मळासाठी हे ठीक, आजाऱ्याच्या चादरीसाठी नाही. तेथे साधा 'कॉटन ६०' निवडावा.

कपड्याच्या आतल्या शिवणीला असलेल्या पट्टीवर पाण्याच्या टबाचे चित्र असते. त्यातील आकडा ही शिफारस नसून कमाल मर्यादा असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आकड्याऐवजी ठिपके असतील, तर एक ठिपका म्हणजे ३०, दोन म्हणजे ४०, तीन म्हणजे ५०, चार म्हणजे ६० अंश. टबावर फुली असेल, तर तो कपडा पाण्यात घालूच नये. जरीच्या पैठणीला पट्टी नसली, तरी ती फुली तिच्यावर आहे असेच समजावे. लोकरीच्या धाग्यावर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण यांनी ते एकमेकांत अडकतात आणि आटलेला स्वेटर पुन्हा मोठा होत नाही. साध्या रेशमाला गार पाणी आणि रिठा उत्तम. पॉलिएस्टर व ताणले जाणारे कपडे ४० अंशांच्या आत ठेवावेत. नव्या गडद सुती साडीचा रंग गरम पाण्यात अधिक सुटतो; त्यात मीठ घालण्याची पद्धत आहे, पण रंग पक्का करण्याचे काम मीठ फारसे करत नाही.

विजेचा हिशेब सोपा आहे. पुढून दार असलेल्या यंत्रात धुण्यासाठी साधारण १५ लिटर पाणी तापते असे धरले, तर २८ अंशांवरून ४०वर नेण्यास सुमारे ०.२१ युनिट, ६०वर नेण्यास ०.५६ आणि ९०वर नेण्यास १.०८ युनिट वीज लागते. रोज ६० अंशांवर धुणाऱ्या घरात वर्षाकाठी २०० युनिटांहून अधिक वीज केवळ पाणी तापवण्यात जाते. बोअरवेलचे जड पाणी असेल, तर आणखी एक भुर्दंड आहे. तापताच त्यातील क्षार कॉइलवर पुटासारखे जमतात आणि पांढरे कपडे करडे दिसू लागतात.

ज्यांच्याकडे पाणी तापवणारे यंत्र नाही, आणि अशी घरे थोडी नाहीत, त्यांना बादली पुरते. नळाच्या पाच भाग पाण्यात एक भाग उकळते पाणी मिसळले, की सुमारे ४० अंश होतात; तान्ह्या बाळाच्या अंघोळीच्या पाण्याहून किंचित गरम. दोन्ही समान घेतले, तर ६० अंशांच्या आसपास. एवढ्या पाण्यात हात काही सेकंदांत भाजतो, म्हणून कपडे काठीनेच खाली-वर करावेत. आधी गार पाणी ओतावे, मग उकळते, म्हणजे प्लास्टिकची बादली वाकडी होत नाही. आणि झाकण ठेवून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी अर्धा तास राहू द्यावी.