विडी सुटली, तर गोळीचं काय?

"राहू दे, तेवढाच त्याला आधार आहे," असं म्हणत घरचेच बायपोलरच्या रुग्णाच्या हातात विडीचं बंडल ठेवतात. त्यांची माया खोटी नाही. चार-चार रात्री न झोपता बडबडणारा, उसनवारी करून भलतीसलती खरेदी करणारा मुलगा पुढे अंथरुणातूनच उठेनासा झाला, की आईला विडी फार किरकोळ वाटते. पण ती किरकोळ नाही.

धारवाडचं मनोरुग्णालय, म्हणजे आजचं 'डिमहान्स', मुंबई इलाख्याच्या काळापासूनचं. त्याच शहराला लागून बेलूरची औद्योगिक वसाहत आहे, आणि महामार्गाने बेळगाव ओलांडून वर गेलं की विडीच्या तंबाखूची निपाणी. आजार, त्याचे उपचार आणि तंबाखू असे एकाच रस्त्यावर आहेत. कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या बायपोलरच्या रुग्णाला तर दुहेरी धोका: जागरणाने उन्माद उसळू शकतो, आणि जागं राहायला चहा-विडी लागते.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात दर हजार प्रौढांमागे सुमारे पाच जणांना आयुष्यात कधी ना कधी बायपोलर होतो. या रुग्णांमध्ये धूम्रपानाचं प्रमाण इतरांच्या दुप्पट-तिप्पट असल्याचं अनेक देशांत दिसलं आहे. 'बिचारे मन शांत करायला ओढतात' हे त्याचं रूढ स्पष्टीकरण. पण २०१९ साली नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी जनुकांच्या आधारे उलट बाजूही तपासली. धूम्रपानाकडे ओढणारा जनुकीय कल ज्यांच्यात जास्त, त्यांना बायपोलरचा धोकाही जास्त आढळला. आजाराचा कल माणसाला धूम्रपानाकडे नेतो, याचा तितका पुरावा मिळाला नाही. एवढ्यावरून विडीनेच आजार होतो असं म्हणता येणार नाही. तरीही आधाराची समजूत यामुळे डळमळते, हे नक्की.

शांत वाटतं, ते खरं असतं. निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि दोनेक तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. मग चिडचिड, बेचैनी. पुढची विडी शमवते ती मागच्या विडीने मागे ठेवलेली तगमग. घरच्यांना मात्र वाटतं, आजार उसळला होता, विडीने आवरला.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोळ्यांची गोष्ट, कारण तिची चर्चाच होत नाही. तंबाखूच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जोमाने काम करू लागतं. बायपोलरमध्ये दिली जाणारी ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही औषधं तेच एन्झाइम मोडतं. त्यामुळे ओढणाऱ्याच्या रक्तात औषध कमी उरतं आणि त्याला जास्त डोस लागू शकतो. आता त्याने विडी एकदम टाकली, किंवा ती जिथे मिळत नाही अशा वॉर्डात भरती झाला, तर आठवडाभरात एन्झाइम मंदावतं आणि त्याच डोसने रक्तातलं औषध वाढतं. गुंगी येते, तोल जातो. क्लोझापिन फार वाढलं तर झटकेही येऊ शकतात. चहा-कॉफीतलं कॅफिनही हेच एन्झाइम मोडतं. म्हणून विडी सोडल्यावर नेहमीचाच चहा झोप उडवू लागतो, आणि बायपोलरमध्ये झोप उडणं धोक्याचं. बायपोलरवरच्याच लिथियम या औषधावर मात्र धुराचा असा परिणाम होत नाही.

हे काम निकोटिनचं नसून धुराचं आहे. म्हणून विडी सोडून गुटखा किंवा मावा धरला, तरी औषध वाढणारच. वर तोंडाच्या कॅन्सरची भीती. आपल्याकडे हा मुद्दा मोठा आहे, कारण २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते आणि ओढणारे होते ३.८ टक्के. डॉक्टरांना नुसतं 'तंबाखू आहे' सांगून भागत नाही. ओढतो की चघळतो, तेही सांगावं लागतं.

मग सोडूच नये का? सोडावी, आणि सुटते. धूम्रपान सोडवणाऱ्या औषधांच्या २०१६च्या 'ईगल्स' चाचणीत आठ हजारांवर लोक होते, त्यांतले निम्मे मानसिक आजाराचे. व्हॅरेनिक्लिनमुळे किंवा निकोटिन पॅचमुळे त्यांची मानसिक अवस्था लक्षणीय बिघडल्याचं दिसलं नाही. ब्युप्रोपियनचा निष्कर्षही तसाच होता. मात्र ते मुळात नैराश्यावरचं औषध, त्यामुळे बायपोलरमध्ये डॉक्टर ते जपून देतात. सोडायची तारीख डॉक्टरांना आधी कळवली, तर डोस त्यानुसार बदलता येतो. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि मानसिक त्रासासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६, हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.